घरभर वायफाय: मेश राउटर निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

राउटर बैठकीच्या खोलीत, अभ्यासाची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला आणि मध्ये तीन भिंती अशी रचना असली की शेवटच्या खोलीतला व्हिडिओ कॉल अडखळू लागतो आणि मेश राउटर घेण्याचा विचार सुरू होतो. खरेदीच्या वेळी बहुतेकांची नजर खोक्यावर छापलेल्या वेगाच्या आकड्यावर खिळते. प्रत्यक्षात मेश यंत्रणा चांगली चालणार की नाही हे ठरते ते एका नोडपासून दुसऱ्या नोडपर्यंतचा दुवा किती भक्कम आहे यावरून. म्हणूनच या लेखात खरेदीपूर्वीच्या मोजमापाला आणि नोडांच्या जागांना सर्वाधिक जागा दिली आहे; वेळ आणि पैसा वाचतो तो तिथेच.

मेश म्हणजे नेमके काय

मेश संचात दोन किंवा अधिक उपकरणे असतात, त्यांना नोड म्हणतात. त्यांपैकी मुख्य नोड इंटरनेटच्या जोडणीला केबलने जोडलेला असतो आणि राउटरचे सगळे काम करतो. बाकीचे नोड घरात इतरत्र ठेवले जातात आणि मुख्य नोडशी बिनतारी किंवा केबलच्या मार्गाने संपर्क ठेवून त्या त्या भागात वायफाय पुरवतात. नोडांमधल्या या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. हा शब्द पुढे वारंवार येणार आहे.

साधा रेंज एक्स्टेंडरही सिग्नल पुढे पाठवतो, पण त्याचा मुख्य राउटरशी समन्वय नसतो; कित्येकदा त्याच्या वायफायचे नावही वेगळे ठेवावे लागते. मेशमध्ये घरभर एकच नाव आणि एकच पासवर्ड चालतो. शिवाय बहुतेक संच ८०२.११के, ८०२.११व्ही आणि ८०२.११आर या मानकांच्या आधारे फोनला जवळच्या नोडची माहिती देतात आणि एका नोडवरून दुसऱ्यावर जाताना लागणारा वेळ कमी करतात. तरीही केव्हा सरकायचे याचा अंतिम निर्णय फोनच घेतो, राउटर नाही. घरात फिरताना एखादा फोन दूरच्या नोडला चिकटून राहतो त्याचे कारण हेच, आणि त्यावरचा उपायही बहुधा नोडांच्या जागा बदलण्यात असतो.

पहिली पायरी: मेश हवा आहे का, हे तपासणे

लॅपटॉप सध्याच्या राउटरला केबलने जोडून वेग मोजावा. केबलवरही वेग कमी येत असेल तर दोष सेवापुरवठादाराच्या जोडणीत किंवा राउटरमध्ये आहे, आणि कितीही चांगला मेश आणला तरी तो दोष तसाच राहील. केबलवर पूर्ण वेग येतो पण दूरच्या खोलीत येत नाही, अशी खात्री झाली तरच पुढे जावे.

त्यानंतर राउटर हलवून पाहावा. जोडणी करणारा तंत्रज्ञ जिथे तार घरात शिरते तिथेच राउटर बसवून जातो आणि ती जागा बहुधा घराच्या एका कोपऱ्यात, दाराजवळ किंवा टीव्हीच्या मागे असते. टीव्हीचा मागचा भाग, लोखंडी कपाट, आरसा, फिश टँक आणि लोखंडी सळया असलेले काँक्रीट हे सिग्नलचे मोठे अडसर आहेत. त्या मानाने लाकडी दार किंवा पातळ फळीची भिंत फारसा त्रास देत नाही. राउटर घराच्या मध्याजवळ, जमिनीपासून मीटर-दीड मीटर उंचीवर, उघड्या फळीवर ठेवून एक दिवस वापरून पाहावा. लहान घरात एवढ्यानेही काम भागते.

फायबरची जोडणी असेल तर काचेची तार ओढून राउटर हलवू नये. ती तार तीव्र कोनात वाकली तर प्रकाश गळतो, जोरात वाकली तर तार मोडते. भिंतीवरची फायबरची पेटी, म्हणजे ओएनटी, जागेवरच ठेवावी आणि तिच्यापासून राउटरपर्यंतची साधी नेटवर्क केबल लांबवावी. ही केबल १०० मीटरपर्यंत नेली तरी वेगात फरक पडत नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. फोनवर दिसणाऱ्या रेषांवर विसंबू नये, कारण कोणती रेष केव्हा दाखवायची हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात. अँड्रॉइडवर त्यासाठी वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारची अनेक मोफत अ‍ॅप मिळतात. मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की हा आकडा दिसतो. तो नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो. उणे ७० च्या पुढे अडचणी सुरू होतात आणि उणे ८० ला जोडणी नावापुरती उरते. ही मोजपट्टी सरळ चढउताराची नाही: आकडा ३ ने घसरला की सिग्नलची ताकद निम्मी होते, १० ने घसरला की एक दशांश होते. त्यामुळे उणे ६० आणि उणे ७० हे आकडे जवळजवळचे वाटले तरी त्यांत दहापटीचे अंतर असते.

कागदावर घराचा ढोबळ नकाशा काढावा आणि प्रत्येक खोलीत, दार बंद करून, जिथे आपण खरोखर बसतो तिथे ५ गिगाहर्ट्झचा (वायफाय ज्या लहरपट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, चालते त्यांपैकी एक; दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा) आकडा मोजून लिहावा. दार बंद करण्याचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण रात्री दार लावल्यावरच नेट अडते अशी तक्रार अनेक घरांत असते. या कामाला फार तर अर्धा तास लागतो आणि किती नोड घ्यायचे व ते कुठे ठेवायचे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे याच कागदावरून मिळतात.

दुसरी पायरी: बॅकहॉल ठरवणे

संच निवडण्याच्या आधी हा निर्णय घ्यावा, कारण त्यावरच संचाचा प्रकार ठरतो.

बिनतारी बॅकहॉलमध्ये एक मूलभूत अडचण आहे. एकच रेडिओ एकाच चॅनेलवर, म्हणजे बँडच्या एका तुकड्यावर, एका वेळी ऐकू शकतो किंवा बोलू शकतो. दुसऱ्या नोडला मुख्य नोडकडून डेटा घ्यायचा आणि तोच डेटा फोनला द्यायचा असला, आणि ही दोन्ही कामे एकाच चॅनेलवर होत असली, तर उपलब्ध वेळ दोघांत वाटला जातो. समजा प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे ४०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वाहून नेऊ शकतो; तर दुसऱ्या नोडजवळ बसलेल्या फोनला जास्तीत जास्त २०० च्या आसपास मिळतील. तिसरा नोड मुख्य नोडऐवजी दुसऱ्या नोडवरून सिग्नल घेत असेल तर एकाच चॅनेलवर तीन दुवे होतात आणि हाती सुमारे १३० उरतात. नोडांची माळ लावण्यापेक्षा मुख्य नोड मध्यभागी ठेवून बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवावेत असे म्हणतात, ते याच हिशेबाने.

या वाटणीतून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला ट्राय-बँड संचाचा. त्यात नेहमीच्या ड्युअल-बँड (दोन बँडच्या) संचापेक्षा एक जादा रेडिओ असतो आणि तो प्रामुख्याने बॅकहॉलसाठी वापरता येतो, त्यामुळे घरातल्या उपकरणांसाठीचा बँड मोकळा राहतो. हा जादा बँड ६ गिगाहर्ट्झचा असेल तर तिथे शेजाऱ्यांची गर्दी कमी आणि चॅनेल रुंद मिळतात, पण भिंत ओलांडताना हा सिग्नल इतरांपेक्षा लवकर दमतो. दोन नोडांमध्ये जाड भिंत किंवा स्लॅब असेल तर केवळ ६ गिगाहर्ट्झच्या भरवशावर महाग संच घेऊ नये.

दुसरा मार्ग केबलचा, आणि शक्य असेल तिथे माझा आग्रह त्याचाच असतो. कॅट ५ई प्रकारची साधी केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट (१००० एमबीपीएस) वाहून नेते, भिंती आड येत नाहीत आणि हवेतला वेळही खर्च होत नाही. केबलने जोडलेला साधा ड्युअल-बँड संच बिनतारी बॅकहॉलवर चालणाऱ्या महागड्या ट्राय-बँड संचाला मागे टाकतो, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. घराचे काम चालू असेल किंवा रंगकाम निघणार असेल, तर मुख्य खोल्यांपर्यंत कॅट ६ केबल पाइपातून ओढून ठेवावी. केबल शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबली स्वस्त मिळतात, पण त्या लवकर तुटतात आणि लांब अंतरावर दगा देतात.

घरात टीव्हीची जुनी कोअ‍ॅक्सियल केबल भिंतीतून गेलेली असेल तर मोका प्रकारचे अ‍ॅडॉप्टर लावून तिच्यावरूनही नेटवर्क नेता येते, मोका २.५ या आवृत्तीची क्षमता २.५ गिगाबिटपर्यंत आहे. विजेच्या तारांवरून नेटवर्क नेणारे पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टरही मिळतात, परंतु त्यांचा वेग घरातल्या वायरिंगवर अवलंबून असतो, म्हणून परत करण्याची सोय असेल तरच ते घ्यावेत.

तिसरी पायरी: संच निवडणे

वायफायच्या पिढ्यांना वायफाय ५, वायफाय ६ अशी सोपी नावे देण्याची पद्धत वायफाय अलायन्सने २०१८ साली सुरू केली. वायफाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्झवर सुधारणा आणते. वायफाय ६ दोन्ही बँडवर चालते आणि अनेक उपकरणे एकाच वेळी जोडलेली असताना हवेतला वेळ अधिक काटकसरीने वापरते. वायफाय ६ई म्हणजे तेच तंत्र ६ गिगाहर्ट्झच्या बँडवर. वायफाय ७ चे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले आणि त्यात एकाच वेळी दोन बँड वापरण्याची सोय आहे. आज नवा संच घेणाऱ्याने वायफाय ६ च्या खाली जाऊ नये. वायफाय ७ घ्यायचे असेल तर खोक्यावर ६ गिगाहर्ट्झचा उल्लेख आहे का ते जरूर पाहावे, कारण वायफाय ७ चे नाव असूनही ६ गिगाहर्ट्झ नसलेले संच विकले जातात. तो बँड घरगुती वापरासाठी कितपत खुला आहे हेही देशागणिक बदलते.

आता त्या खोक्यावरच्या आकड्याकडे. एएक्स ३००० (एएक्स म्हणजे वायफाय ६) असे लिहिलेले असते तेव्हा २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२ यांची बेरीज करून तो आकडा गोल केलेला असतो. कोणताही फोन दोन्ही बँडची अशी बेरीज वापरत नाही. शिवाय २४०२ हा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलचा आहे. नेहमीच्या ८० मेगाहर्ट्झवर दोन अँटेना असलेला फोन १२०१ वर जोडला जातो, आणि तोही हवेतल्या जोडणीचा सैद्धांतिक वेग झाला. प्रत्यक्ष डाउनलोड त्याच खोलीत बसूनही साधारण साठ ते सत्तर टक्केच मिळते. त्यामुळे इंटरनेटची योजना ३०० एमबीपीएसची असेल तर एएक्स ३००० चा ड्युअल-बँड संच चांगल्या बॅकहॉलवर पुरून उरतो.

खोक्यावर ठळक न छापलेल्या गोष्टी अधिक बारकाईने पाहाव्यात. प्रत्येक नोडवर नेटवर्कचे पोर्ट किती आहेत आणि ते गिगाबिटचे आहेत का, हे आधी तपासावे. काही स्वस्त संचांचे पोर्ट अजूनही १०० एमबीपीएसचे असतात आणि मग केबल ओढूनही फायदा होत नाही. केबलने बॅकहॉल चालवता येतो का, आणि मुख्य नोड ब्रिज किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (राउटरचे काम जुन्या पेटीकडे ठेवून फक्त वायफाय देण्याच्या) ठेवता येतो का, हे माहितीपत्रकात वाचावे. डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षापद्धत असावी. कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षे देणार हे जाहीर करते का, तेही पाहावे, कारण राउटर घरात सहज पाच-सात वर्षे राहतो. काही संच कंपनीचे ऑनलाइन खाते उघडल्याशिवाय सुरूच होत नाहीत, ईरो हे त्याचे ठळक उदाहरण. तर काहींमध्ये मुलांसाठीचे नियंत्रण किंवा सुरक्षेच्या सोयी मासिक वर्गणीमागे असतात. खरेदीनंतर हे कळले की मनस्ताप होतो.

पुढे नोड वाढवायचे झाल्यास कोणते चालतील, हाही विचार आत्ताच करावा. आसुसच्या एआयमेशमध्ये त्याच कंपनीचे वेगवेगळे राउटर एकत्र जोडता येतात आणि टीपी-लिंकच्या डेको मालिकेतली निरनिराळी मॉडेलही एकमेकांबरोबर चालतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे नोड एकत्र चालावेत म्हणून वायफाय अलायन्सने २०१८ मध्ये ईझीमेश हा प्रमाणीकरणाचा कार्यक्रम आणला, तरी मी एकाच कंपनीत राहण्याचाच सल्ला देईन, कारण अडचण आली तर विचारायचे कुणाला हे तरी स्पष्ट असते.

नोडांची संख्या नकाशावरून ठरवावी. बहुतेक घरांना दोन पुरतात. तीनचा संच थोड्याच फरकाने मिळतो म्हणून तिसरा नोड उगाच लावू नये. जवळजवळ ठेवलेले नोड एकाच हवेत बोलून एकमेकांचा वेळ खातात आणि फोनही त्यांच्यात गोंधळतो.

चौथी पायरी: जुन्या राउटरचे काय करायचे

सेवापुरवठादाराने दिलेल्या पेटीतच बहुधा राउटर आणि वायफाय असतात. तिच्यामागे मेशचा मुख्य नोड जोडला की घरात एकामागे एक दोन राउटर होतात. याला डबल नॅट (पत्त्यांची दुहेरी अदलाबदल) म्हणतात. साधे ब्राउझिंग चालते, परंतु ऑनलाइन खेळ, बाहेरून घरातला कॅमेरा पाहणे किंवा कार्यालयाचे व्हीपीएन (सुरक्षित जोडणी) यांत अडथळे येऊ शकतात. शिवाय जुन्या पेटीवर जोडलेला प्रिंटर मेशवरच्या लॅपटॉपला सापडत नाही.

सेवापुरवठादाराला सांगून पेटी ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे तिचे राउटरचे काम बंद करून, घेणे हा सर्वांत स्वच्छ उपाय. जोडणी पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन सुरू होणाऱ्या) प्रकारची असेल तर त्याच फोनवर वापरकर्तानाव आणि पासवर्डही मागून लिहून घ्यावा, कारण तो आता मुख्य नोडमध्ये भरावा लागेल. पुरवठादार नकार देत असेल तर उलट करावे: जुन्या पेटीकडे राउटरचे काम राहू द्यावे आणि मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये चालवावा. या मोडमध्ये अनेक संचांतल्या मुलांसाठीच्या नियंत्रणासारख्या सोयी बंद पडतात, हे मात्र माहीत असू द्यावे. दोन्हींपैकी काहीही केले तरी जुन्या पेटीचे वायफाय बंद करायला विसरू नये.

डबल नॅट आहे का हे ओळखण्यासाठी मेशच्या अ‍ॅपमध्ये वॅन (इंटरनेटकडच्या बाजूचा) किंवा इंटरनेट आयपी पत्ता पाहावा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मुख्य नोडच्या पुढे आणखी एक राउटर आहे असे जवळपास नक्की समजावे. १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल तर पत्त्यांची वाटणी सेवापुरवठादाराकडेच होत आहे, आणि ती घरातून बदलता येत नाही.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष जोडणी

कंपनीचे अ‍ॅप फोनवर आधीच उतरवून ठेवावे आणि ब्लूटूथ व लोकेशन सुरू ठेवावे, कारण नवा नोड शोधताना अनेक अ‍ॅपना दोन्ही लागतात. मोडेम किंवा ओएनटी बंद करून दोन मिनिटे थांबावे. काही मोडेम आधी जोडलेल्या राउटरची ओळख धरून बसतात आणि बंद केल्याशिवाय नव्याला स्वीकारत नाहीत. मग मोडेमच्या पोर्टमधून मुख्य नोडच्या वॅन पोर्टला केबल लावावी, आधी मोडेम सुरू करावा, त्याचे दिवे स्थिरावले की नोड सुरू करावा आणि अ‍ॅपमधल्या सूचनांप्रमाणे पुढे जावे.

वायफायचे नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले तर घरातली उपकरणे एकेक करून नव्याने जोडावी लागत नाहीत. पासवर्ड मुळातच कमकुवत असेल किंवा वर्षानुवर्षे वाटला गेला असेल, तर मात्र हीच बदलण्याची वेळ आहे. राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असावा.

मुख्य नोड सुरू झाल्यावर सर्वांत आधी त्याचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अपडेट करावे. दुसरा नोड त्यानंतर त्याच खोलीत, दोन-तीन मीटरवर ठेवून जोडावा आणि त्याचेही अपडेट तिथेच पूर्ण होऊ द्यावे. थेट दूरच्या खोलीत नेऊन जोडायला गेलो तर सिग्नल कमी पडल्याने जोडणी मध्येच तुटते आणि दोष उपकरणाचा आहे असे वाटू लागते.

सहावी पायरी: दुसऱ्या नोडची जागा

सर्वाधिक चुका इथे होतात. जिथे नेट मिळत नाही त्याच खोलीत नोड नेऊन ठेवावा असे सहज वाटते. मीही पहिल्यांदा तेच केले होते. अभ्यासाच्या टेबलावर नोड ठेवला, लॅपटॉपवर वायफायच्या सगळ्या रेषा भरल्या आणि काम झाले असे वाटले. वेग मोजला तर आधीपेक्षा जेमतेम थोडा जास्त. लॅपटॉप ते नोड हा दोन हातांचा दुवा उत्तम होता, पण नोड ते मुख्य नोड हा तीन भिंतींपलीकडचा दुवा पूर्वीइतकाच दुबळा होता. रेषा फक्त पहिल्या दुव्याची हकीकत सांगतात.

नोड बाहेर व्हरांड्यात, खोलीच्या दारापासून चार-पाच मीटर अलीकडे आणून ठेवला, तेव्हा लॅपटॉपवरची एक रेष कमी झाली आणि वेग तिपटीहून अधिक वाढला.

तर नोड ठेवायचा तो मुख्य नोडचा सिग्नल जिथे अजून चांगला आहे अशा ठिकाणी. साधारणपणे मुख्य नोड आणि अडचणीची खोली यांच्या मध्यावर, किंवा थोडा मुख्य नोडकडे झुकता. पहिल्या पायरीत काढलेला नकाशा इथे उपयोगी पडतो: ५ गिगाहर्ट्झवर उणे ६० च्या आसपास आकडा असलेली जागा शोधावी, उणे ६५ च्या पलीकडे जाऊ नये. अनेक अ‍ॅप नोडांमधल्या दुव्याची ताकद दाखवतात. ते पाहत नोड अर्धा-एक मीटर सरकवून, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटे थांबून, पुन्हा मोजावे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सहा सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे नोड वीतभर सरकवला तरी आकड्यात लक्षात येण्याजोगा फरक पडतो.

दोन मजली घरात जिन्याजवळची जागा बहुधा सर्वांत चांगली ठरते, कारण सिग्नलला स्लॅब फोडून जाण्याऐवजी मोकळी वाट मिळते. नोड कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर ठेवू नये. तो सुंदर दिसत नाही म्हणून लपवला तर त्याचे अर्धे काम वाया जाते. मायक्रोवेव्हपासूनही तो दूर असावा, कारण मायक्रोवेव्ह २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. बॅकहॉल केबलने जोडलेला असेल तर ही सगळी बंधने सैल होतात आणि नोड थेट अडचणीच्या खोलीतही ठेवता येतो.

सातवी पायरी: थोड्याच, पण महत्त्वाच्या सेटिंग

सुरक्षा डब्ल्यूपीए३ आणि डब्ल्यूपीए२ या मिश्र प्रकारावर ठेवावी, म्हणजे जुनी उपकरणेही जोडली जातात. डब्ल्यूपीएसची (पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याच्या सोयीची) पिन पद्धत असल्यास बंद करावी. तिच्यातली कमजोरी २०११ पासून उघड आहे. पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू करावे आणि स्मार्ट दिवे, प्लग, कॅमेरे अशी उपकरणेही त्याच्यावर किंवा वेगळ्या आयओटी (स्मार्ट उपकरणांच्या) नेटवर्कवर ठेवावीत. यांतली कित्येक उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि जोडताना फोन ५ गिगाहर्ट्झवर असला तर अडून बसतात, केवळ २.४ गिगाहर्ट्झचे आयओटी नेटवर्क हा त्यावरचा सर्वांत कमी त्रासाचा उपाय आहे.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी आणि निवड करता येत असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनेल घ्यावा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ पुरेसे आहेत. ५२ पासून पुढचे बरेचसे चॅनेल रडारसाठीही वापरले जातात. त्यांच्यावर राउटरने आधी साधारण मिनिटभर ऐकावे आणि रडार आढळल्यास चॅनेल सोडावा असा नियम आहे. विमानतळाच्या किंवा हवामान रडारच्या जवळ राहणाऱ्यांचे वायफाय अधूनमधून मिनिटभर गायब होत असेल तर ३६ ते ४८ या चॅनेलवर यावे.

जलद रोमिंगची, म्हणजे ८०२.११आरची, सोय सुरू करून पाहावी. एखादा जुना प्रिंटर किंवा कॅमेरा त्यानंतर जोडलाच जात नसेल तर ती बंद करावी.

आठवी पायरी: पडताळणी

एकच वेगचाचणी पुरेशी नाही. आधी मुख्य नोडला केबलने, मग त्याच खोलीत वायफायवर, मग दुसऱ्या नोडजवळ आणि शेवटी अडचणीच्या खोलीत, याच क्रमाने मोजावे, म्हणजे वेग नेमका कोणत्या टप्प्यावर घसरतो ते दिसते. मुख्य नोडजवळ २८० आणि दुसऱ्या नोडच्या शेजारी ९० येत असतील तर दोष बॅकहॉलमध्ये आहे. दुसऱ्या नोडजवळ २५० आणि खोलीत ६० येत असतील तर नोड खोलीपासून फार दूर राहिला आहे. व्हिडिओ कॉलसाठी वेगाइतकाच प्रतिसादाचा वेळही महत्त्वाचा असतो: खोलीतून राउटरच्या स्थानिक पत्त्याला पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजावा. उत्तर बहुतेक वेळा १० मिलिसेकंदांच्या आत आणि स्थिर यायला हवे. मध्येच शंभर-दोनशेच्या उड्या दिसल्या तर दुवा अजून कच्चा आहे.

केबलवरच्या बॅकहॉलमध्ये एक आकडा डोक्यात पक्का ठेवण्यासारखा आहे: ९४. एका घरात नवी केबल ओढून, दोन्ही टोकांना जॅक लावून नोड बसवला आणि वेग ९४ एमबीपीएसवर येऊन थांबला. योजना ३०० ची होती. राउटर पुन्हा सुरू केला, नोड बदलला, सेवापुरवठादारालाही फोन केला. वेग ना ९५ च्या वर गेला ना ९३ च्या खाली आला. इतका स्थिर आकडा पाहूनच शंका यायला हवी होती. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, तर १०० एमबीपीएसला चारच पुरतात. उरलेल्या चारांपैकी एक तार जरी नीट बसली नसली तरी दोन्ही उपकरणे निमूटपणे १०० वर उतरतात, आणि त्यातून वापरायला ९४-९५ च मिळतात. जॅक कापून पुन्हा दाबला तेव्हा असे दिसले की तपकिरी तार खाचेत पूर्ण शिरलीच नव्हती. केबल टेस्टर लावला असता तर हा दोष पहिल्या मिनिटालाच सापडला असता, म्हणून भिंतीतून केबल नेणाऱ्या कारागिराकडून टेस्टरवर आठही दिवे लागल्याचे समोर पाहूनच काम ताब्यात घ्यावे.

केबल जोडल्यानंतर अ‍ॅपमध्ये त्या नोडसमोर केबलचे किंवा इथरनेटचे चिन्ह दिसते का, हेही बघावे. केबल लावूनही नोड बिनतारी दुव्यावरच राहिला तर तो एकदा बंद करून सुरू करावा.

सगळे स्थिरावल्यावर एक आठवडा काहीही बदलू नये. अनेक संच पहिल्या काही दिवसांत स्वतःहून चॅनेल आणि मार्ग बदलत असतात, आणि रोज सेटिंगमध्ये हात घातला तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही. आठवड्यानंतरही एखादा फोन दूरच्या नोडला धरून राहत असेल तर त्या फोनचे वायफाय बंद-सुरू करून पाहावे. तेवढ्याने तो जवळच्या नोडवर जात असेल तर दोष फोनच्या चिकटपणाचा आहे, आणि नोड एकमेकांपासून थोडे दूर सरकवणे किंवा सोय असल्यास मुख्य नोडची प्रक्षेपणशक्ती एक पायरी कमी करणे हे दोन उपाय लागू पडतात.

वीज जाण्याची शक्यता असेल तर ओएनटी आणि मुख्य नोड दोन्ही एकाच छोट्या यूपीएसवर ठेवावेत. दोहोंपैकी एकच यूपीएसवर असेल तर उपयोग नाही. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर यूपीएसशी जुळतात का ते आधी वाचावे.

शेवटी नकाशाच्या त्याच कागदावर नोडांच्या अंतिम जागा, प्रत्येक खोलीतला नवा डीबीएम आकडा, मोजलेला वेग, पीपीपीओईची माहिती आणि बसवल्याची तारीख लिहून तो कागद राउटरच्या खोक्यात ठेवावा. स्वयंचलित अपडेट सुरू ठेवावे, आणि सहा महिन्यांनी नेट संथ झाल्यासारखे वाटले तर काही नवे घेण्याआधी तोच कागद हातात घेऊन त्याच जागांवर पुन्हा मोजावे.